पुस्तक अर्ध्यात अडकलंय? सोडून द्यायच्या आधी एवढं तपासा

आधी लक्षणं सांगते, यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

खूणपट्टी कित्येक दिवस त्याच पानावर आहे. रात्री पुस्तक उघडता, मागे काय झालं ते आठवेना म्हणून दोन पानं मागे जाता, तीच दोन पानं परत वाचता आणि तिथेच झोप लागते. एकच परिच्छेद तीनदा वाचला तरी डोक्यात काही उतरत नाही. पुस्तक उशाशी असतं पण हात मोबाइलकडे जातो. अजून किती पानं राहिली ते सारखं मागून बघितलं जातं. पात्रांची नावं एकमेकांत मिसळायला लागलीत. पुस्तक वाचनालयाचं असेल तर रिन्यू करून झालंय, दंड सुरू झालाय, तरी परत करवत नाही. आणि ज्या लक्षणाकडे कुणी बघतच नाही ते म्हणजे, हे संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही असं ठरवल्यामुळे एकूण वाचनच बंद पडलंय.

हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकतं. मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या काउंटरला बरीच वर्षं बसतेय. वर्गणी भरलेली असते आणि माणूस महिनोन्‌महिने फिरकत नाही, बाजारात दिसले की मी विचारते, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, "अहो ताई, ते मागचं अजून संपलं नाही ना." म्हणजे एका पुस्तकापायी चांगला वाचणारा माणूस वाचनातून उठतो. त्यामुळे पुस्तक सोडायला माझी अजिबात ना नाही. पण सोडायच्या आधी दोष नक्की कुठे आहे ते बघायला हवं, कारण बरेचदा तो पुस्तकात नसतोच, आणि मग पुढचं पुस्तकही तसंच अडकतं. खालचा क्रम फुकटातल्या सोप्या गोष्टींपासून अवघड गोष्टींकडे असा लावलाय, तो मोडू नका.

पहिलं, प्रत धड आहे का ते बघा

एक मिनिटाचं काम आहे आणि कुणी करत नाही. आपल्याकडची बहुतेक पुस्तकं १६-१६ पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुड्यांनी, बांधलेली असतात. बांधणीत कधी एखादा फर्मा राहून जातो, कधी एकच दोनदा लागतो, कधी उलटा लागतो. वाचनालयाच्या जुन्या प्रतींत तर पानं सुटलेली असतात किंवा कुणी फाडलेली असतात. वाचणाऱ्याला वाटतं, मधेच हा माणूस कुठून आला, लग्न कधी झालं, आपलंच लक्ष नव्हतं बहुतेक. जिथे अडकलात तिथून मागची-पुढची तीसेक पानं घ्या आणि फक्त पानांचे नंबर बघत जा. नंबर तुटला की दोष सापडला. विकत घेतलेली प्रत असेल तर दुकानदाराकडे किंवा प्रकाशकाकडे न्या, बांधणीत चूक असेल तर साधारण बदलून देतात. आमच्याकडची असेल तर काउंटरला सांगा, दुसरी प्रत असली तर तीच देऊ, नसली तर निदान त्या प्रतीवर नोंद तरी करू म्हणजे पुढचा माणूस फसणार नाही.

उजेड आणि चष्मा

चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं स्पष्ट दिसेनासं होतं. हे हळूहळू होतं म्हणून लक्षात येत नाही, माणसाला वाटतं पुस्तकच कंटाळवाणं आहे. देवनागरीत तर वर वेलांटी-रफार, खाली उकार, आणि स्वस्त आवृत्तीत टाइप बारीक, ओळी चिकटलेल्या, कागद पिवळा पडलेला, मग सगळं एकात एक जातं. पुस्तक हात लांब करून धरा. लांब धरल्यावर बरं दिसलं तर चष्म्याचा नंबर लागलाय किंवा बदललाय. दुसरी तपासणी म्हणजे तेच पान दुपारी खिडकीजवळ बसून वाचा. दुपारी सरसर वाचलं गेलं आणि रात्री अडतं, तर उजेडाचा प्रश्न आहे, खांद्यामागून पुस्तकावर पडेल असा दिवा लावा. छताच्या मधोमध असलेल्या एका बल्बवर आपलीच सावली पानावर पडते. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या पुढच्या सभासदांत "आजकाल कशात मनच लागत नाही" म्हणणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच विचारते की नंबर शेवटचा कधी तपासला.

कधी वाचताय आणि फोन कुठे आहे

दिवसभराचं काम, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सगळं उरकून रात्री साडेअकराला जे उघडाल ते जडच वाटणार, कितीही चांगलं असो. चार दिवस सकाळी वीस मिनिटं वाचून बघा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि सलग चार दिवस, अधूनमधून नको, कारण कादंबरीचा धागा दोन-तीन दिवसांच्या खंडात सुटतो आणि मग ते मागची पानं परत वाचण्याचं चक्र सुरू होतं. चार दिवसांत गाडी हलली तर पुस्तक निर्दोष आहे. खर्च शून्य म्हणून ही तपासणी इतक्या वर आहे.

दार चुकलंय का

म्हणजे आत शिरताना चुकीच्या जागेवरून शिरलात का. आपल्याकडे जुन्या पुस्तकांना लांबच लांब प्रस्तावना असतात, पहिल्या आवृत्तीची, दुसऱ्या आवृत्तीची, शिवाय कुणा मोठ्या समीक्षकाची. प्रामाणिक वाचक पान एकपासून सुरू करतो आणि कथा चालू व्हायच्या आधीच दमतो. प्रस्तावना खरं तर वाचून झालेल्यांसाठी जास्त उपयोगी असते, त्यात शेवटही फुटलेला असतो कित्येकदा. ती सरळ सोडा, नंतर वाचा.

खंडांचा क्रमही बघा. भालचंद्र नेमाड्यांच्या चांगदेव पाटील या नायकावरच्या चार कादंबऱ्यांचा क्रम बिढार, हूल, जरीला, झूल असा आहे, आणि कपाटात झूल एकटीच शिल्लक असते म्हणून ती घेऊन जाणारे लोक दर वर्षी भेटतात. श्री. ना. पेंडशांचं तुंबाडचे खोत दोन खंडांत आहे, पहिला बाहेर गेलेला असतो आणि दुसरा कपाटात, मग लोक दुसराच नेतात आणि त्या घराण्यात कोण कुणाचा कोण हेच कळत नाही. अशा वेळी पुस्तक सोडू नका, परत करा, पहिल्या खंडासाठी नाव नोंदवून ठेवा आणि तोवर दुसरं काहीतरी न्या.

पात्रं खूप असतील तर एका कागदावर घराण्याचा तक्ता काढा, नाव, नातं, एवढंच. दहा मिनिटं लागतात आणि रशियन कादंबऱ्यांच्या अनुवादात तर याच्याशिवाय निभावच लागत नाही, तिथे एकाच माणसाला कुणी पाळण्यातल्या नावाने हाक मारतं, कुणी नाव आणि वडिलांचं नाव जोडून, कुणी आडनावाने, आणि आपण तिघं वेगळे समजून बसतो.

अनुवाद तपासा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण माझ्या अनुभवात अडकलेल्या पुस्तकांतली बरीच इथेच अडकलेली असतात. एक परिच्छेद मोठ्याने वाचा, स्वतःला ऐकू येईल असा. कुणी मराठी माणूस असं बोलेल का किंवा लिहील तरी का? वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरली जातेय, "जो की", "ज्याने की" अशी शेपटं लागलीत, कर्ता एकीकडे आणि क्रियापद चार ओळींनंतर, तर तुम्ही मूळ लेखकाला कंटाळलेला नाहीत, अनुवादाला कंटाळलात. इतक्या चांगल्या परदेशी लेखकांविषयी लोकांचं कायमचं वाईट मत झालेलं मी ऐकलंय आणि मला खरंच वाईट वाटतं.

मग काय करायचं? गाजलेल्या जुन्या पुस्तकांचे मराठीत दोन-तीन अनुवाद असतात, दुसरा मागा. आतल्या पानावर अनुवाद म्हटलंय की रूपांतर की संक्षिप्त हे बघा, संक्षिप्त आवृत्तीत कधी कधी दुवेच कापलेले असतात. मूळ बंगाली, गुजराती, कन्नड पुस्तक असेल तर ते थेट त्या भाषेतून आलंय की इंग्रजी-हिंदीच्या वळणाने, तेही आत दिलेलं असतं. मूळ हिंदी असेल तर सरळ हिंदीतूनच वाचून बघा, आपल्यापैकी बहुतेकांना जमतं.

बोली आणि जुनी भाषा

उद्धव शेळक्यांची धग ही कादंबरी १९६० ची, संवाद वऱ्हाडीत. अमरावतीकडच्या माणसाला ते घरचं वाटतं, रत्नागिरीकडच्याला पहिली वीस-पंचवीस पानं डोंगर चढल्यासारखी वाटतात. हा दोष नाहीच, कानाला सवय व्हायला तेवढी पानं लागतातच. बोलीतलं पुस्तक असेल तर सोडायच्या आधी वाचायच्या पानांची मर्यादा (ती पुढे सांगते) दुप्पट धरा आणि संवाद मोठ्याने वाचा, डोळ्याला न कळणारा शब्द कानाला कळतो.

जुन्या मराठीचं थोडं वेगळं आहे. ज्ञानेश्वरी पहिल्या ओवीपासून सुरू करून पहिल्याच अध्यायात थांबलेले लोक प्रत्येक गावात आहेत आणि सगळ्यांना त्याची आतून टोचणी असते. अठरा अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या, आणि अध्याय काही सारखे नाहीत, अठराव्यात १८०० च्या वर ओव्या आहेत तर बाराव्यात २५० च्या आत. बारावा घ्या, सार्थ प्रत घ्या म्हणजे ओवीखाली अर्थ आहे, आणि रोज पाच-सहा ओव्यांच्या पुढे जाऊ नका. तरी अडलं तर हे एकट्याने सोडवायचं काम नाही, गावात एखादे जाणकार वारकरी किंवा मराठीचे निवृत्त सर असतात, त्यांच्याकडे बसा. आनंदाने सांगतात.

हे सलग वाचायचं पुस्तक आहे का

कवितासंग्रह, लेखसंग्रह, पत्रं, कोश, पाककृती, दिवाळी अंक. हे सोडायचा प्रश्नच येत नाही कारण ते संपवायचं नसतंच. हवं ते वाचा, ठेवा. पुढे चला.

आता खरी परीक्षा

वरचं सगळं ठीक निघालं, तरी पुस्तक हलत नाही. मग पानांचा नियम लावायचा. अमेरिकेतल्या सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम वाचणाऱ्या मंडळींत प्रसिद्ध आहे, ५० पानं वाचा आणि ठरवा, आणि वय ५० च्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करा, उरेल तेवढीच पानं द्या. म्हणजे ७० वर्षांच्या आजींनी ३० पानं दिली की पुरे. मला हा नियम आवडतो कारण तो वेळेची किंमत मान्य करतो. पण आपल्याकडे कित्येक चांगल्या कादंबऱ्या दीडशे पानांतच आटोपतात, तिथे ५० पानं म्हणजे तिसरा हिस्सा झाला. म्हणून मी सांगताना असं सांगते की दोनशेच्या आतलं असेल तर २५ पानं, त्याहून मोठं असेल तर ५०, आणि बोलीतलं असेल तर त्याच्या दुप्पट.

ती पानं झाली की अजून एक गोष्ट करा. पुस्तकाच्या दोन-तृतीयांशावर कुठलंही पान उघडा आणि दोन पानं वाचा. काही लेखक सुरुवातीला फार सावकाश जातात आणि पुढे सुटतात. तिथली दोन पानं वाचून "हे लोक इथपर्यंत कसे आले" असा प्रश्न पडला तर सोडू नका, मधलं जे जड होतं ते चाळत जा, चाळणं हा गुन्हा नाही. काहीच वाटलं नाही, ना राग, ना उत्सुकता, तर उत्तर मिळालं.

मग हिशोब. एका तासात तुमची किती पानं होतात ते घड्याळ लावून एकदा मोजा. समजा २५ होतात आणि राहिलीत ३५०, म्हणजे १४ तास. रोज अर्धा तास वाचत असाल तर २८ दिवस. आता स्वतःला विचारा, पुढचा महिना या पुस्तकाला द्यायचा आहे का? "सहाशे रुपये दिलेत" हे उत्तर धरायचं नाही. ते सहाशे गेलेत, पुस्तक वाचलं तरी परत येणार नाहीत आणि नाही वाचलं तरी नाहीत. पुरस्कार मिळालाय, सगळे वाचतायत, भावाने वाढदिवसाला दिलंय, लेखक ओळखीचे आहेत, यातलं काहीही धरायचं नाही. परीक्षेला लावलेलं पुस्तक मात्र या सगळ्यातून बाहेर ठेवा, ते वाचावंच लागतं, त्याची रीत वेगळी.

कंटाळा की अस्वस्थपणा

ही तपासणी अवघड आहे म्हणून शेवटाकडे ठेवलीय. दया पवारांचं बलुतं हे दलित आत्मकथन १९७८ ला आलं, आजही लोक ते नेतात आणि काहीजण थोडं वाचून परत आणतात, "नाही ताई, पुढे वाचवत नाही" म्हणतात. हे "वाचवत नाही" कंटाळ्याचं नाही. आपल्याच गावात, आपल्याच आळीच्या पलीकडे माणसांना कसं जगावं लागलं हे समोर आल्यावर आत काहीतरी हलतं आणि हात पुस्तक मिटतो. कंटाळ्यात पुस्तक मिटल्यावर ते विसरलं जातं, अस्वस्थपणात ते दिवसभर डोक्यात राहतं. एवढी एक खूण पुरते. डोक्यात राहत असेल तर पुस्तक काम करतंय, ते परत करू नका, आठवडाभर बाजूला ठेवा, घरात कुणाशी तरी त्याबद्दल बोला आणि मग दहा-दहा पानांनी पुढे जा. लेखकाचं मत पटत नाही म्हणून सोडण्याबद्दलही माझं असंच म्हणणं आहे, न पटणारं मत नीट मांडलेलं असेल तर ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.

पण याला एक बाजू आहे आणि ती मी ठामपणे सांगते. पुस्तकातला प्रसंग तुमच्या स्वतःच्या दुखण्यावर बोट ठेवत असेल, नुकतंच घरात कुणी गेलंय आणि पुस्तकात तेच आजारपण आहे, किंवा लहानपणी जे सोसलंय तेच पानावर आलंय, झोप उडतेय, छातीत धडधडतंय, तर तिथल्या तिथे मिटा. पुस्तक थांबेल. त्यासाठी कुणाला कारण द्यायची गरज नाही, काउंटरलासुद्धा नाही.

सोडायचं ठरलं तर नीट सोडा

अर्धवट सोडणं म्हणजे उशाशी ठेवून देणं, त्यातनं काही सुटत नाही. त्याच दिवशी परत करा. घरचं असेल तर डोळ्यासमोरून कपाटात ठेवा किंवा ज्याला आवडेल त्याला द्या. एका चिठ्ठीवर पान नंबर, तारीख आणि एका ओळीत कारण लिहा: "निवेदन फार संथ", "अनुवाद वाईट", "आत्ता नको, नंतर". चिठ्ठी एखाद्या वहीत ठेवा. अशा पाच-सहा झाल्या की आपल्याला काय चालत नाही ते स्वच्छ दिसतं आणि पुढचं पुस्तक निवडताना आम्हालाही सांगता येतं. तुम्ही नुसतं "काहीतरी चांगलं द्या" म्हणण्यापेक्षा "संथ नको, अनुवाद नको" म्हणालात तर मी कपाटाकडे सरळ जाते.

आणि रिकाम्या हाताने घरी जायचं नाही. सोडलं त्याच दिवशी दुसरं घ्या, बारीक घ्या, शंभर-सव्वाशे पानांचं, कथासंग्रह असेल तर उत्तम, एक कथा एका बैठकीत संपते. हे मी आग्रहाने करायला लावते कारण वाचायची सवय परत लागायला एखादी तरी गोष्ट शेवटपर्यंत जावी लागते.

इथे थांबा आणि डॉक्टर गाठा

एकामागून एक चार-पाच पुस्तकं अडकली, वेगवेगळ्या प्रकारची, पूर्वी आवडायच्या लेखकाचीसुद्धा, तर पुस्तकं बदलत बसू नका.

वाचताना डोकं दुखतं, डोळ्यातून पाणी येतं, ओळी सुटतात: नेत्रतज्ज्ञ. रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊन वेळ मारून नेऊ नका, डायबिटीस असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्याच. सरळ ओळ वाकडी दिसायला लागली, पानाच्या मधोमध डाग दिसतो, अचानक चमका किंवा काळे ठिपके दिसतात, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी जा.

अक्षरं दिसतायत पण एकाएकी त्यांचा अर्थच लागेनासा झाला, सोबत बोलताना अडखळायला होतंय किंवा तोंड, हात, पाय एका बाजूने लुळे वाटतायत: हा पक्षाघाताचा झटका असू शकतो, थेट हॉस्पिटल, एक मिनिटही घालवू नका.

पुस्तकच नाही तर गाणं, टीव्ही, माणसं, कशातच मन लागत नाही, झोप-जेवण बिघडलंय आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय: फॅमिली डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ. लगेच जाणं होत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन मोफत, मराठीत बोलता येतं. वाचन सुटणं हे कधी कधी यातलं सगळ्यात आधी दिसणारं लक्षण असतं, म्हणून घरच्यांनीही लक्ष ठेवा. घरातले आजी-आजोबा आयुष्यभर वाचत आले आणि आता तेच पान रोज नव्याने वाचतायत, सांगितलेलं विसरतायत, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, त्यांनाही डॉक्टरांना दाखवा.

मूल तिसरी-चौथीत गेलं तरी ओळ सोडतं, अक्षरांची अदलाबदल करतं, पुस्तक बघितलं की रडतं: बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि मग अध्ययन अक्षमतेच्या चाचणीबद्दल विचारा. चाचणीचा निकाल येईपर्यंत त्याला मोठी पुस्तकं वाचायला लावू नका, तुम्ही वाचा आणि त्याला ऐकू द्या.